पाऊण इंच

१९६९ सालची शेव्हेल मालिबू माझ्याकडे आली तेव्हा तिची चाके बदलण्याचा विचार माझ्या मनातही नव्हता. गाडी गडद हिरव्या रंगाची आहे, शेवरलेच्या त्या वर्षीच्या रंगपत्रिकेत त्या रंगाला 'फॅदम ग्रीन' असे नाव होते, आणि तिच्यावर आधीच्या मालकाने बसवलेली पाच आऱ्यांची चकचकीत 'एसएस' ('सुपर स्पोर्ट') चाके होती. ती लांबून छान दिसत, आणि दोन उन्हाळे मी ती लांबूनच पाहिली.

ऑगस्ट २०२२ मध्ये हा प्रश्न रस्त्यावरच उभा राहिला. डेट्रॉईटच्या वायव्येला पाँटिअॅकपर्यंत जाणारा वुडवर्ड अॅव्हेन्यू हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा पंढरीचा रस्ता आहे. साठच्या दशकात इथली तरुण मुले एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावत. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची 'ड्रीम क्रूझ' निघते. त्या आठवड्यात रॉयल ओकजवळ माझ्या गाडीच्या पुढच्या उजव्या टायरचा वरचा थर पट्टीसारखा सुटला आणि मडगार्डवर आपटू लागला. गाडी कडेला घेऊन मी डिकीतून स्टेपनी काढली. ती गाडीच्या मूळ चौदा इंची, साध्या पोलादी चाकांपैकी एक होती. चाक स्टडवर, म्हणजे नट बसतात त्या आटेदार खुंट्यांवर, चढले, परंतु पुरते टेकेना, आणि नट आवळून पाहिल्यावर फिरेना. मधल्या काळात कोणीतरी पुढचे ड्रम काढून अकरा इंची डिस्क ब्रेक बसवले होते, आणि ड्रमसाठी घडवलेले ते चाक आतल्या बाजूने कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागावर, घासत होते. डिकीत स्टेपनी असूनही मला गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकची वाट पाहत दीड तास पदपथावर बसावे लागले.

घरी आल्यावर मी चारही टायरांच्या बाजूवरचा डीओटी क्रमांक प्रथमच नीट वाचला. त्यातील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. माझ्या टायरांवर ३४०८ असे होते, म्हणजे २००८ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असल्यामुळे ते मला चांगले वाटत होते, पण रबर चौदा वर्षांत वाळून गेले होते. सुटलेल्या टायरवर गाडी थोडी पुढे गेल्यामुळे त्या चाकाची कड वाकली होती, आणि उरलेल्या तीन चाकांवरचा क्रोम आतल्या बाजूने पापुद्र्यासारखा निघत होता. केवळ टायर बदलून भागणार नाही, हे त्या संध्याकाळीच स्पष्ट झाले.

तशीच एसएस चाके पुन्हा घेणे हा सर्वांत सोपा मार्ग होता, कारण त्यांच्या नव्या प्रतिकृती सहज मिळतात. तो मी नाकारला, आणि त्याचे पहिले कारण तांत्रिक नव्हते. १९६९ मध्ये 'एसएस ३९६' हे शेव्हेलचे स्वतंत्र मॉडेल नव्हते. तो जादा पैसे भरून घ्यायचा संच होता. त्यामुळे त्या वर्षीच्या गाडीच्या कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकावरून (व्हीआयएन) ती मुळात एसएस होती की नाही हे कळत नाही, आणि साध्या मालिबूला एसएसचे दागिने चढवून विकणाऱ्यांचे फावते. माझी गाडी ३५० घनइंचाच्या इंजिनाची सरळ मालिबू आहे. तरीही चाकांच्या मधल्या टोपीवर 'एसएस' ही अक्षरे असल्यामुळे प्रत्येक पेट्रोल पंपावर कोणीतरी कौतुकाने जवळ येत असे आणि मला "नाही हो, चाके तेवढी एसएसची आहेत" असा खुलासा करावा लागत असे. उसन्या मोठेपणाचा हा खुलासा दोन वर्षे करून मी कंटाळलो होतो. दुसरे कारण टायरांचे. एसएस संचाबरोबर कारखान्यातून एफ७०-१४ या मापाचे टायर येत. चौदा इंची चाकासाठी त्या रुंदीचे टायर आज मोजकेच मिळतात, तर पंधरा इंचात निवडीला थोडी तरी जागा आहे.

यानंतर मी जी चूक केली ती अनेकजण करत असावेत. मी चाक समोरून निवडले. राखाडी रंगाचे पाच सरळ आरे आणि बाहेर चकाकणारी कड अशी 'टॉर्क थ्रस्ट' धर्तीची चाके मला प्रथमपासून आवडत. अमेरिकन रेसिंग या कंपनीने साठच्या दशकात ती शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियममध्ये काढली. तेव्हाच्या अशा चाकांवरूनच सगळ्या हलक्या चाकांना 'मॅग' म्हणण्याची रीत पडली. त्या घडणीची अॅल्युमिनियमची चाके आज एकापेक्षा जास्त निर्माते ओततात. एका ऑनलाइन विक्रेत्याच्या पानावर 'शेव्हेल १९६४ ते १९७२ साठी योग्य' असे लिहिलेले पाहून मी मागच्या बाजूसाठी १५ बाय ८ (इंचांत व्यास आणि रुंदी) आणि पुढच्या बाजूसाठी १५ बाय ७ अशी चार चाके मागवली. स्टडांचे वर्तुळ तेवढे मी तपासले होते. शेव्हेलचे पाच स्टड पावणेपाच इंच व्यासाच्या, म्हणजे १२०.६५ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. फोर्ड आणि क्रायस्लरच्या बहुतेक समकालीन गाड्यांचे वर्तुळ साडेचार इंचाचे असते. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोके नसल्यामुळे हा पाव इंचाचा फरक नजरेला समजत नाही, याची मला कल्पना होती. या एका गोष्टीची खात्री केल्यावर बाकीचे आपोआप जुळेल असे मी गृहीत धरले.

खोकी आली त्या शनिवारी शेजारचे गृहस्थ पाहायला आले. त्यांची सारी नोकरी साचे आणि जिग बनवण्यात गेली आहे. टायर चढवण्यासाठी चाके मोटारीत भरायला निघालेल्या मला त्यांनी थांबवले. रिकामे चाक आवडले नाही तर परत पाठवता येते, टायर चढवलेले चाक कोणी परत घेत नाही, हा त्यांचा एका वाक्यातला सल्ला मला पुढे बराच महाग पडण्यापासून वाचवून गेला. आम्ही मागचे एक चाक टायरशिवाय बसवले. रिकामी रिमच मडगार्डच्या ओठाच्या इतकी जवळ आली की तिच्यावर टायर चढून बाजूने फुगल्यावर काय होईल हे सांगायला मोजपट्टीची गरज नव्हती. शेजाऱ्यांनी चाक काढून उपडे केले, मागच्या कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवली, आणि पट्टीपासून हबला, म्हणजे चाक ज्यावर आवळले जाते त्या गाडीच्या भागाला, टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजून सांगितले, "पावणेचार." माझ्या गाडीला ते साडेचार हवे होते. उरलेल्या सगळ्या खटाटोपाचे मूळ या पाऊण इंचात होते.

या अंतराला बॅकस्पेसिंग म्हणतात. हबला टेकणारा पृष्ठभाग चाकाच्या मागच्या कडेपासून किती आत आहे ते हे माप सांगते. चाक आठ इंची असे आपण म्हणतो तेव्हा ती रुंदी टायर जिथे बसतो त्या दोन बैठकांमधली असते. दोन्ही कडा धरून चाक साधारण नऊ इंच भरते. त्यामुळे आठ इंची चाकाचे बॅकस्पेसिंग साडेचार असेल तर टेकणारा पृष्ठभाग बरोबर मध्यावर येतो आणि चाक हबच्या आत-बाहेर सारखे वाटले जाते. तेच पावणेचार असेल तर संपूर्ण चाक पाऊण इंचाने बाहेर सरकते. समोरून पाहिले असता दोन्ही चाके जुळी दिसतात, किंबहुना बाहेर सरकलेल्या चाकाची कड अधिक खोल असल्यामुळे तेच अधिक देखणे वाटते आणि छायाचित्रात तेच डोळ्यांत भरते.

चाके परत पाठवली. विक्रेत्याने हाताळणीचा खर्च कापून घेतला आणि दोन्ही वेळचे वाहतुकीचे पैसेही माझ्यावरच पडले. मग आम्ही चाक बाजूला ठेवून गाडी मोजायला घेतली. चाक काढल्यावर मागचा आस खाली लोंबकळू द्यायचा नाही, ही पहिली काळजी. जॅक चॅसीखाली लावला तर स्प्रिंगा सैल होऊन आस खाली येतो आणि घेतलेली मापे निरुपयोगी ठरतात. म्हणून आम्ही आसाखालीच टेकू दिले, म्हणजे गाडीचे वजन स्प्रिंगांवर राहिले आणि आस चालत्या गाडीत असतो त्याच उंचीवर राहिला. मडगार्डच्या ओठावरून ओळंबा सोडला, हबच्या पृष्ठभागाला पट्टी टेकवली, आणि दोरीपर्यंतचे अंतर घेतले. आतल्या बाजूला चॅसी आणि आतला पत्रा यांपैकी जे जवळ असेल तिथपर्यंत मोजले. माझी पत्नी टॉर्च धरून मापे लिहून घेत होती, आणि तिनेच प्रथम विचारले, "अहो, डाव्या-उजव्या बाजूंची मापे वेगळी कशी?" मी पुन्हा मोजले. बाहेरच्या बाजूला डावीकडे १४९ मिलिमीटर आणि उजवीकडे १४३ मिलिमीटर जागा होती. सहा मिलिमीटरचा हा फरक चुकीचा नव्हता. या गाड्यांची बॉडी स्वतंत्र चॅसीवर रबरी बैठकांवर बसवलेली असते, पत्रे त्या काळच्या ढिल्या मापांनी जोडलेले असतात, आणि पन्नास वर्षांत एखादे मडगार्ड ठोकून सरळ केलेले असण्याचीही शक्यता असतेच. त्यामुळे हिशेब नेहमी तोकड्या बाजूचा धरावा लागतो.

तो हिशेब असा झाला. मागच्या चाकांवर मला २५५/६०आर१५ टायर हवे होते. आठ इंची चाकावर त्यांची बाजूंच्या फुगीरपणासह रुंदी सुमारे दहा इंच आणि वर थोडे, म्हणजे २६० मिलिमीटरच्या आसपास होते. साडेचार इंचाच्या बॅकस्पेसिंगवर ती अर्धी आत आणि अर्धी बाहेर, १३०-१३० अशी वाटली जाते. म्हणजे उजव्या बाजूला तेरा मिलिमीटर मोकळे राहतात, आणि आतल्या बाजूला मी १५९ मोजले असल्यामुळे तिकडे भरपूर जागा उरते. पावणेचारवर हाच टायर १४९ मिलिमीटर बाहेर आला असता. डावीकडे तो ओठाला शिवला असता आणि उजवीकडे सहा मिलिमीटर ओठाबाहेर गेला असता. मागच्या सीटवर दोन माणसे बसवून एखाद्या खड्ड्यात गाडी आपटली की ओठाने टायर सोलून काढला असता.

पुढच्या बाजूचा हिशेब कागदावर पूर्ण होत नाही, कारण तिथे चाक वळते. पूर्ण वळवल्यावर त्याची पुढची कड एका ठिकाणी आणि मागची कड दुसऱ्याच ठिकाणी जाते. तिथे मी शेजाऱ्यांच्या ओळखीच्या एका गाडीवरचे, २३५/६०आर१५ टायर चढवलेले सव्वाचार इंच बॅकस्पेसिंगचे १५ बाय ७ चाक दोन तासांसाठी उसने आणले, बसवले, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, गाडी मागेपुढे घेऊन पाहिले. मडगार्डच्या खालच्या मागच्या कोपऱ्यापाशी बोटभर जागा राहत होती. माझ्या मते पुढच्या चाकासाठी अशा उसन्या चाकाइतका विश्वासार्ह दुसरा पुरावा नाही.

मापे हातात आल्यावर बाजारात फिरणे बदलून गेले. एका स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या आठवडी बाजारासारख्या मेळाव्यात, मला शेवरलेच्या जुन्या 'रॅली' चाकांची एक सुरेख जोडी दिसली. साधे पोलाद, पाच रुंद खाचा, कडेला चकाकती पट्टी आणि मध्ये टोपी. माझ्या मालिबूला ती शोभली असती, आणि कसलाही खोटा दावा करावा लागला नसता. कारखान्याच्या रॅली चाकांवर हवेच्या व्हॉल्व्हच्या भोकाजवळ दोन अक्षरांचा ठसा असतो. या जोडीवर 'एझेड' होता. हा ठसा सत्तरीच्या दशकातील कॉर्व्हेटच्या १५ बाय ८ चाकांचा, आणि त्यांचे बॅकस्पेसिंग चार इंच. मी तिथेच कागदावर आकडेमोड केली. टायर बाहेरच्या बाजूला १४२ किंवा १४३ मिलिमीटर आला असता, आणि माझ्याकडे उजवीकडे जागा होती १४३. विकणारा म्हणाला की सगळे लोक शेव्हेलवर हीच चाके लावतात. लावत असतीलही, काहीजण मडगार्डचा ओठ आतून वळवून घेतात, पण पन्नास वर्षांपूर्वीचा शाबूत पत्रा चाकासाठी वाकवणे मला मान्य नव्हते. तरी त्याच्याकडील एका सुट्या चाकावर माझी नजर राहिली, त्याविषयी पुढे सांगतो.

माझ्या कार्यालयातील तरुण सहकाऱ्यांचे मत सतरा किंवा अठरा इंची चाके घ्यावीत असे होते. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आजचे उत्तम पकड देणारे टायर त्याच मापांत निघतात. पंधरा इंचात या रुंदीचे जे टायर मिळतात त्यांतील बहुतेक, उदाहरणार्थ बीएफ गुडरिचचे रेडिअल टी/ए किंवा कूपरचे कोब्रा, एस किंवा टी या वेगश्रेणीचे, म्हणजे ताशी १८० ते १९० किलोमीटरपर्यंतचे असतात, आणि ओल्या रस्त्यावर त्यांच्याकडून आधुनिक टायरची अपेक्षा करता येत नाही. तरीही दोन गोष्टी मला पटेनात. या गाडीच्या मडगार्डची कमान जाड बाजूच्या टायरसाठी आखलेली आहे. तिच्यात मोठे चाक आणि पातळ टायर घातला की धोतरावर टाय बांधल्यासारखे दिसते. दुसरे म्हणजे मिशिगनचे रस्ते. हिवाळ्यात भेगांतले पाणी गोठते, वितळते आणि पुन्हा गोठते, आणि वसंतात इथे जे खड्डे पडतात ते पाहून कोल्हापूरच्या माणसालाही घरची आठवण येते. अशा रस्त्यावर टायरची उंच बाजू हाच चाकाचा खरा रक्षक असतो.

अखेर स्पर्धा टॉर्क थ्रस्ट धर्तीची चाके आणि क्रॅगर एस/एस या दोघांत उरली. क्रॅगरचे ते प्रसिद्ध चाक १९६४ पासून चालत आले आहे. त्याचा मध्यभाग ओतीव अॅल्युमिनियमचा आणि रिम क्रोम केलेल्या पोलादाची असते. अमेरिकेत येण्यापूर्वी मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत चार वर्षे तपासणी विभागात होतो, त्यामुळे ओतीव वस्तू दिसली की ती उलटी करून पाहण्याची खोड अजून गेलेली नाही. दोन्ही चाकांच्या पाठी मी पाहिल्या, आणि ओतकामात नाव ठेवायला जागा नव्हती. जुनी, मूळ मॅग्नेशियमची चाके मात्र मी विचारातच घेतली नाहीत. मॅग्नेशियम ओलाव्याने आतून खंगते, आणि पन्नास वर्षांच्या चाकातली बारीक चीर रंगाखाली दिसत नाही. क्रॅगर मागे पडले ते नटांमुळे. त्याची सर्व गाड्यांना चालणारी जी आवृत्ती मला मिळत होती तिच्या भोकांचा आकार लांबट असतो, आणि त्यात विशिष्ट वॉशर घालून सरळ दांड्याचे नट बसवावे लागतात. साध्या चाकाला लागणारे निमुळत्या तोंडाचे नट तिथे चालत नाहीत. म्हणजे स्टेपनीसाठी नटांचा वेगळा संच डिकीत बाळगायचा, आणि अंधारात, पावसात, तो सापडेल अशी आशा करायची. रॉयल ओकच्या पदपथावर दीड तास काढलेल्या माणसाला ही कल्पना सहन होण्यासारखी नव्हती. टॉर्क थ्रस्टच्या डी प्रकाराला साठ अंशांच्या निमुळत्या बैठकीचे नट लागतात, तेच पोलादी चाकालाही चालतात. शिवाय नावातला 'डी' हा डिस्क ब्रेकसाठी आहे, कॅलिपरला जागा राहावी म्हणूनच ती घडण काढली गेली.

मला हवे ते बॅकस्पेसिंग देणारा निर्माता शोधायला महिना गेला, आणि चाके तयार होऊन यायला आणखी दोन. या वेळी मागणीपत्रावर मी गाडीचे नाव न लिहिता फक्त मापे लिहिली. आल्याबरोबर प्रत्येक चाक उपडे करून पट्टीने मोजले, मग चारही ठिकाणी टायरशिवाय बसवून हाताने फिरवून पाहिले. अॅल्युमिनियमच्या चाकाचा टेकणारा भाग पोलादापेक्षा जाड असल्यामुळे स्टडची लांबी पुरते का, हेही तपासावे लागते. माझे स्टड सात-सोळांश इंचाचे, इंचाला वीस आटे असलेले आहेत. नट निदान आठ-नऊ फेरे चढला पाहिजे, आणि तो दहा फेरे चढला.

टायर चढवणाऱ्या दुकानात मी दोन विनंत्या केल्या. चाकाचा तोल साधणारी वजने कडेला ठोकायची नाहीत, आतल्या बाजूला चिकटवायची, आणि नट हवेच्या बंदुकीने आवळायचे नाहीत. पहिली ऐकली गेली. दुसरी विनंती कारागिराने मान डोलावून विसरायच्या बेतात होती, तेव्हा मी टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) त्याच्या हातात ठेवला. एकाआड एक नट घेत, तारा काढल्यासारखे, सुमारे सत्तर फूट-पाउंडांपर्यंत आवळले. पन्नास मैलांनंतर पुन्हा तपासले तेव्हा वीसपैकी तीन नट थोडे सरकले. नव्या अॅल्युमिनियमच्या बाबतीत हे अपेक्षितच असते, आणि म्हणूनच ही दुसरी तपासणी टाळू नये. मागचे टायर आधीच्या २२५/७०आर१४ पेक्षा व्यासाने सुमारे अर्ध्या इंचाहून थोडे अधिक मोठे आहेत, त्यामुळे काटा ताशी साठ मैल दाखवतो तेव्हा गाडी साडेएकसष्टने धावत असते. गिअरबॉक्समधले स्पीडोमीटरचे छोटे प्लॅस्टिकचे चक्र बदलून हे दुरुस्त करता येते. ते काम मी अजून केलेले नाही.

स्टेपनीचे काम मात्र त्याच आठवड्यात पूर्ण केले. स्वॅप मीटमधल्या त्या माणसाकडे जोडीखेरीज एक सुटे १५ बाय ७ रॅली चाक होते, कड थोडी गंजलेली, टोपी हरवलेली, म्हणून स्वस्त. त्याला फोन करून ते मागवले, घासून रंगवले आणि त्यावर नवा टायर चढवला. ते डिकीत टाकण्यापूर्वी मी गाडीची पुढची उजवी बाजू उचलली, नवे देखणे चाक काढून ठेवले आणि हे साधे चाक त्याच नटांनी त्याच स्टडवर आवळले. हाताने जोर देऊन फिरवले. ते चार फेरे फिरले, कुठेही न घासता.